महाबळेश्वरची उंची : एक गाव, तीन आकडे

मागच्या अंकात सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्यांविषयी, म्हणजे सपाट खडकाळ पठारांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं महाबळेश्वर-पाचगणीच्या पठाराबद्दल आहेत. एरवी या सदरात मी वेगवेगळ्या विषयांवरचे प्रश्न घेतो, या वेळी मात्र सगळे याच पठारावरचे घेतले आहेत. भूशास्त्र शिकवत होतो तेव्हा मुलांना घेऊन आंबेनळी घाटात जाणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग होता. त्यामुळे एकदोन उत्तरं लांबली आहेत. काही अगदी दोन ओळींत संपली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

चौथीच्या वर्गाला महाराष्ट्रातली उंच ठिकाणं शिकवते. पुस्तकात महाबळेश्वर १४३८ मीटर आहे, एका पर्यटन पुस्तिकेत १३७२ आणि इंटरनेटवर १३५३. मुलं विचारतात, बाई, खरं कोणतं? मी काय सांगू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, तिन्ही आकडे कुठून आले ते सांगितलं की मुलांचं समाधान होईल.

पुस्तकातली यादी शिखरांची आहे. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, मग महाबळेश्वर १४३८ आणि त्याच्या जरा खाली हरिश्चंद्रगड १४२४. तेव्हा १४३८ ही गावाची उंची नव्हे, पठारावरच्या सर्वांत उंच जागेची उंची आहे. ती जागा म्हणजे विल्सन पॉइंट, जुन्या नावाने शिंदोळ्याची टेकडी. सूर्योदय बघायला लोक तिथेच जातात. १३५३ हा आकडा वस्तीचा, म्हणजे माल्कम पेठेच्या आसपासचा. बाजारपेठ आणि ती टेकडी यांच्यात ८५ मीटरचा फरक आहे आणि टेकडीचा रस्ता चढताना तो पायांना नीट कळतो.

१३७२ ची गंमत वेगळी आहे. ब्रिटिश काळात उंची फुटांत लिहायचे आणि महाबळेश्वरबद्दल 'साडेचार हजार फूट' असं सर्रास म्हटलं जायचं. तो बोलण्यातला गोळाबेरीज आकडा होता. पुढे कुणीतरी ४५०० फुटांचे मीटर केले. उत्तर १३७१.६ येतं, त्याचं झालं १३७२. मूळच्या अंदाजाला शेवटच्या मीटरपर्यंतचा नेमकेपणा आयताच मिळाला. आपल्याकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या आणि गावांच्या उंचीचे आकडे असेच तयार झालेले आहेत. म्हणून आकडा पाहिला की आधी तो फुटांत करून बघावा. शेवटी दोन-तीन शून्यं आली तर सावध व्हावं.

वर्गात सांगताना उंचीबरोबर जागाही सांगा : 'विल्सन पॉइंट १४३८, बाजारपेठ सुमारे १३५३.' पठारावरचं गाव म्हणजे पाटासारखं सपाट असा मुलांचा समज असतो, तोही त्याच वेळी दूर होतो. बाजारातून वेण्णा तलावाकडे निघालं की रस्ता उतरतो, क्षेत्र महाबळेश्वरकडे जाताना पुन्हा चढउतार लागतात. एका गावाला एकच उंची असते हे गृहीतकच इथे टिकत नाही.

मुलांपैकी एखादा विचारेल की समुद्रसपाटी म्हणजे नक्की कुठल्या समुद्राची. विचारलंच तर सांगा, भारतात उंची मोजायची शून्यपातळी १९०९ साली पक्की झाली. मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास अशा नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं नोंदलेल्या भरती-ओहोटीच्या सरासरीवरून ती ठरवली. भिंतीवरचे आपले बहुतेक नकाशे त्याच पातळीवरून मोजलेले आहेत.

महाबळेश्वरच्या बाजारात फोनमधल्या अॅपने १२८७ मीटर दाखवले, मनगटावरच्या घड्याळाने १३४०. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत घड्याळ १३६५ म्हणत होतं. रात्रीत गाव २५ मीटर वर कसं गेलं?
– एक ट्रेकर, पुणे

फोन आणि घड्याळ दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

फोनला उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासूनची उंची असते. खरा समुद्र त्या आकाराला धरून राहत नाही. गुरुत्वाकर्षण जिथे थोडं कमी तिथे पाण्याची पातळी त्याच्या खाली जाते, आणि या बाबतीत जगातला सगळ्यात मोठा खळगा आपल्या शेजारी, भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे पातळी शंभर मीटरहून अधिक खाली आहे. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साठ मीटरहून जास्त भरतो. फोनमधली काही अॅप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत. तुमचं करत नसावं. १२८७ मध्ये साठ-पासष्ट मिळवा, बाजारपेठेची उंची मिळेल.

घड्याळ हवेचा दाब मोजतं. महाबळेश्वरच्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला की घड्याळाला वाटतं आपण साडेनऊ मीटर वर आलो. रात्रीत ढगाळ झालं आणि दाब अडीच-तीनने उतरला, एवढंच घडलं. उपाय सोपा आहे : निघताना घड्याळ माहीत असलेल्या उंचीवर लावून घ्यायचं. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती यासाठी उत्तम. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर जागोजाग उंचीचे बिंदू असतात आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात. असा नकाशा सोबत असला की घड्याळ वाटेत चार वेळा तपासता येतं. मी स्वतः दोन तासांपूर्वी लावलेल्या घड्याळावर भरवसा ठेवत नाही, पावसाळी दिवसांत तर नाहीच.

प्रतापगडाकडच्या दरीत ज्वालामुखीचं मुख होतं आणि महाबळेश्वर त्याच्या काठावर वसलंय, असं आमच्या गाइडने सांगितलं. हे खरं आहे का? नसेल तर ते मुख कुठे आहे?
– एक वाचक, नाशिक

हे खरं नाही. पण प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हाच समज मी निदान अर्ध्या महाराष्ट्राकडून ऐकला आहे. काळा दगड, भोवती खोल दऱ्या, म्हणजे मध्ये विवर असणारच, असं मनात येणं साहजिक आहे.

ज्वालामुखी म्हटलं की फुजियामासारखा शंकू डोळ्यांसमोर येतो. दख्खनचा ज्वालामुखी तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन आडवा पसरत गेला. एक थर गोठला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलेला लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. मुळात तो याहून कितीतरी मोठ्या प्रदेशावर पसरला होता. अलीकडच्या कालमापनानुसार यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. भूशास्त्रात हा अगदी थोडा काळ आहे. ज्या भेगांतून तो वर आला त्या पुढे लाव्हानेच बुजल्या. आज त्या उभ्या, अरुंद खडकभिंतींसारख्या दिसतात. तुमच्या उत्तरेला धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती भरपूर आहेत.

मग प्रतापगडाकडची दरी? ती पाण्याने कोरली आहे. सावित्री आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी थर कापत कापत ती एवढी खोल नेली. विवर असतं तर त्याच्या भिंतींत थर तिरपे किंवा विस्कटलेले दिसले असते. इथे दरीच्या या काठावरचा थर समोरच्या काठावर त्याच पातळीला पुढे चालू झालेला दिसतो. पावसाळा संपल्यावर, हवा स्वच्छ असताना एल्फिन्स्टन पॉइंटवर उभं राहून समोरच्या डोंगरांवरच्या आडव्या पायऱ्या बघा. मधलं काय गेलं ते डोळ्यांना भरून काढता येतं.

पण खरी वही आंबेनळी घाटात आहे. पोलादपूर शंभर मीटरच्याही आत आहे, तिथून रस्ता महाबळेश्वरला तेराशे मीटरच्या वर नेतो. म्हणजे बाराशे मीटरहून अधिक जाडीचा लाव्हा तुम्ही एका सकाळी तळापासून माथ्यापर्यंत बघू शकता. जगभरचे भूशास्त्रज्ञ दख्खनच्या थरांचे जे गट पाडतात, त्यांतल्या खालून वर लागणाऱ्या तीन गटांची नावं पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी आहेत. आपल्या घाटातल्या गावांची नावं जगाच्या शास्त्रीय लेखनात कायमची गेली आहेत याचा मला फार आनंद वाटतो, आणि घाटात तसं सांगणारी एखादी पाटी असावी असं मनापासून वाटतं.

घाटात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला लावा आणि रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीजवळ जा. खाली घट्ट, करडा-काळा दगड दिसेल, हातोडी मारली तर खणखणीत वाजणारा. वर जाऊ तसा तो सच्छिद्र होतो. ही छिद्रं म्हणजे लाव्हातून निसटू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे. थर वरून गोठला आणि ते तिथेच अडकले. त्यांतली बरीच छिद्रं पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात. भिंग असेल तर लावून बघा, सुयांचे बारीक जुडगे दिसतील. त्याच्याही वर अचानक विटकरी लाल पट्टा येतो, कधी वीतभर, कधी हातभर. नखाने खरवडला तर भुकटी हाताला लागते. हा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला निवांत काळ. आधीच्या थराचा माथा हवापाण्याने कुजून माती होऊ लागला, मध्ये राखही पडली असेल, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्याने ती माती भाजून काढली. लाल पट्टा संपला की वर पुन्हा नवा काळा थर. माझ्या विद्यार्थ्यांना मी घाटात इतर काही शिकवण्याआधी त्या पट्ट्यावर बोट ठेवायला लावायचो. 'ज्वालामुखी सतत पेटत होता' ही कल्पना त्यानंतर कुणाच्या डोक्यात राहत नसे.

आमच्याकडे जांभा. पोलादपूर सोडून घाट चढू लागलो की सगळा काळा कातळ. आणि महाबळेश्वरला पोचलो की पुन्हा जांभा, तोच लाल, तसाच भोकाभोकांचा! कोकणातला दगड डोंगरावर कुणी नेला?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

या वेळच्या पत्रांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न. या पठाराच्या उंचीचं मर्म त्याच्यातच आहे.

जांभा हा वेगळा आलेला दगड नाही, तो काळ्या कातळाचाच उरलेला भाग आहे. उष्ण, दमट हवेत, भरपूर पावसात, फार मोठ्या काळात कातळातली सिलिका आणि चुन्यासारखी द्रव्यं धुपून जातात, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहतात. लोह गंजतं, म्हणून रंग लाल. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर हाच जांभा टोपीसारखा बसलेला आहे आणि त्यात काही ठिकाणी बॉक्साइटही आहे.

पण जांभा तयार व्हायला जमीन बऱ्यापैकी सपाट लागते. तीव्र उतारावर पाणी मुरत नाही, वाहून जातं. कुजलेला थरही पाण्याबरोबर जातो, साठत नाही. म्हणजे आज जिथे चारी बाजूंनी कडे आहेत, त्या माथ्यावर जांभा आहे याचा अर्थ एकच : तो झाला तेव्हा कडे नव्हते. ती एक सलग, विस्तीर्ण, जवळपास सपाट जमीन होती. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबल लँड, भोवतालचे सपाट माथ्यांचे डोंगर हे तिचे उरलेले तुकडे आहेत. टेबल लँडच्या काठावरून आजूबाजूचे माथे बघा, कितीतरी माथे एकाच पातळीला येतात. त्यांच्यावरून मनातल्या मनात एक फळी ठेवली तर जुनी जमीन कुठे होती ते कळतं.

तेव्हा महाबळेश्वर उंच 'झालं' असं म्हणण्यापेक्षा भोवतालचा प्रदेश खाली गेला आणि महाबळेश्वर राहिलं असं म्हणणं अधिक बरोबर आहे. भारताचा पश्चिमेकडचा भूभाग तुटून वेगळा झाल्यावर किनाऱ्याकडे एक मोठा कडा तयार झाला. तो कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आला, तोच आजचा सह्याद्री. त्याच्या पायथ्याशी जे राहिलं ते कोकण. कोकणातला जांभा त्यानंतरचा, त्या नव्या, खालच्या जमिनीवर तयार झालेला. म्हणून दोन्ही दगड दिसायला सारखे असले तरी वरचा जुना आणि तुमचा नवा. यात एक भर घालायला हवी : एवढा खडक झिजून गेला की खालच्या भूकवचावरचा भार कमी होतो आणि तो भाग हळूहळू वर उचलला जातो. त्यामुळे माथ्याला थोडी उंची तशीही मिळाली आहे.

ही टोपी नसती तर माथे असे सपाट राहिलेच नसते. चिऱ्यांचं तर तुम्हाला सांगायला नको. खाणीतून काढताना जांभा कापता येतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो. माथ्यावर तेच घडलं. वरचं कवच कडक झालं आणि त्याच्या खाली मात्र मऊ, चिकणमातीसारखा थर आहे. पाणी काठाने झिरपतं, मऊ थर धुऊन नेतं, वरचं कवच छज्ज्यासारखं पुढे राहतं आणि एक दिवस त्याचे मोठे धोंडे निखळून खाली येतात. टेबल लँडच्या कडेखालच्या गुहा अशाच झाल्या आहेत. पठार वरून फारसं झिजत नाही, ते काठाने खाल्लं जातं. काठावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण पायाखाली काय पोकळ आहे ते वरून दिसत नाही.

पाचगणीचं टेबल लँड हे तिबेटनंतर आशियातलं दुसरं पठार, असं सगळीकडे वाचतो. आकाराने की उंचीने?
– एक वाचक, सोलापूर

दोन्हींनी नाही. आकार म्हणाल तर ते चालत फिरून येण्याएवढं आहे, तर ज्या दख्खनच्या पठाराचा ते एक कण आहे ते लाखो चौरस किलोमीटरचं आहे. उंची म्हणाल तर टेबल लँड चौदाशे मीटरच्या आतबाहेर, आणि पामीरचं पठार साडेतीन हजार मीटरच्याही वर. हे वाक्य एकाने लिहिलं आणि पुढच्या सगळ्यांनी उतरवून घेतलं. टेबल लँडचं खरं मोल वरच्या उत्तरात आहे. त्याला खोट्या क्रमांकाची गरज नाही.

वाईत आम्ही पावसाची वाट बघत असतो आणि तेव्हा महाबळेश्वरला आठवडाभर सूर्य दिसलेला नसतो. अंतर तर एवढंसं. असं का? आणि तिथली झाडं एवढ्या पावसात उंच का होत नाहीत?
– एक वाचक, वाई

सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत हे सगळं घडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आणि तुमच्याकडे हजारच्याही आत. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. सावित्रीच्या खोऱ्यात शिरली की पुढे हजार-बाराशे मीटरची भिंत. वर चढण्यावाचून मार्ग नाही. चढताना हवा पसरते, थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि सगळा भार काठावर रिता होतो. पलीकडे तीच हवा वाईकडे उतरताना दाबली जाऊन गरम होते आणि ढग विरतात. वाई सव्वासातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे माथ्यावरून सहाशे मीटर खाली. थंडाव्याचंही तेच : हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. या हिशेबाने उंचीमुळे वाईपेक्षा महाबळेश्वर चार अंशांनी गार आणि पोलादपूरपेक्षा आठ-साडेआठ अंशांनी.

पाणलोट पाहिला तर हा काठ किती बारीक आहे ते कळतं. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री कड्यावरून उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. त्या किनाऱ्यापासून उगमाची जागा सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. कृष्णा मात्र त्या समुद्राकडे पाठ फिरवते, तुमच्या वाईवरून जाते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, कोयना दक्षिणेकडे मोठा वळसा घेऊन कराडला. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे आणि पश्चिमेचा काठ तुटलेला आहे, हे या नद्यांच्या वाटांवरूनच समजतं.

आता झाडं. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडतो. नंतरचे सात-आठ महिने कोरडे. जांभ्यावर माती पातळ, मुळांना फटींत शिरावं लागतं. शिवाय पश्चिमेचा वारा. त्यामुळे इथलं सदाहरित जंगल बुटकं आणि दाट आहे : अंजन, जांभूळ, पिसा ही त्यातली मुख्य झाडं. काठाजवळच्या झाडांचे माथे वाऱ्याने कातरल्यासारखे एका उतारात असतात. खोडांवर शेवाळ, आमरी, नेचे असतात, तेही पावसाची बाजू धरून. याच जंगलातून पाचगणीकडे चाला, दर काही किलोमीटरला शेवाळ पातळ होतं आणि पानझडी झाडं वाढत जातात. पर्जन्यमापक हातात नसला तरी पाऊस कुठे कमी झाला ते खोडावर वाचता येतं.

मी महाबळेश्वरातच राहते. पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो आणि मार्च उजाडला की आमच्या वाडीचा झरा बारीक होतो. पूर्वी तो मे महिन्यापर्यंत टिकायचा असं सासूबाई सांगतात. एवढं पाणी जातं कुठे?
– एक गृहिणी, महाबळेश्वर

ताई, जांभ्याची टोपी हीच तुमची टाकी आहे. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून आणि फटींतून आत मुरतं, खालच्या चिकण थरावर किंवा घट्ट कातळावर अडतं आणि आडवं सरकत जिथे उतार तो थर कापतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. पंचगंगेपासून तुमच्या वाडीच्या झऱ्यापर्यंत सगळ्यांची रीत हीच. पण ही टाकी पसरट आहे, खोल नाही, आणि तिला चारी बाजूंनी काठ आहेत. सगळ्या काठांतून पाणी पाझरत राहतं. सहा हजार मिलिमीटर पडले तरी टाकीत मावतात तेवढेच राहतात, बाकी कड्यावरून कोकणात किंवा कृष्णेच्या खोऱ्यात. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधून घेतला तो उगीच नाही. इतक्या पावसाच्या गावाला तलाव लागतो हे तेव्हाच ओळखलं होतं.

तुमचा झरा लवकर का आटतो हे जागा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. काय बघायचं ते सांगतो. झऱ्यापासून वर, उताराच्या दिशेने माथ्यापर्यंत चालत जा. त्या पट्ट्यात जंगल होतं तिथे आता काय आहे? अंजन-जांभळाखालचा पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती पावसाला थांबवते, मुरायला वेळ देते. त्याच जागी काँक्रीटचं आवार, वाहनतळ किंवा तुडवून घट्ट झालेली जमीन असेल तर तेच पाणी मिनिटांत गटारात जातं. झऱ्याच्या आसपास रस्त्यासाठी किंवा पायासाठी उतार खोल कापला असेल तर पाण्याला दुसरीकडे वाट मिळालेली असू शकते. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. लोक त्याकडे बांधकामावरचा निर्बंध म्हणून बघतात. मला तो पाण्याचा कायदा वाटतो. या पठारावर झाडं, जांभा आणि पाणी वेगळं काढताच येत नाही, आणि जांभ्याची टोपी एकदा खरवडली की माणसाच्या कितीही पिढ्यांत ती परत येणार नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून झऱ्यावरचा पट्टा राखला, पालापाचोळा जाळणं थांबवलं आणि महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी बादली किती वेळात भरते ते वहीत लिहिलं, तर दोन उन्हाळ्यांत तुमच्याकडे कुठल्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येईल अशी नोंद असेल. सासूबाईंना विचारून जुन्या आठवणी, झरा आटल्याची वर्षं, तीही लिहून ठेवा.

सहल महाबळेश्वरला जाणार आहे. उंचावर पाणी लवकर उकळतं असं पुस्तकात आहे. त्यावरून मला उंची काढता येईल का?
– आठवीतला विद्यार्थी, सांगली

येईल, आणि जरूर काढ. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षण करणारे लोक डोंगराची उंची काढायला हीसुद्धा पद्धत वापरायचे.

उंची साधारण ३०० मीटरने वाढली की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. म्हणजे समुद्रकाठी १००, वाईला साडेसत्त्याण्णवच्या जवळपास, महाबळेश्वरच्या बाजारात साडेपंचाण्णवच्या आसपास. शाळेच्या प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक माग. जमलं तर अर्ध्या अंशाच्या खुणांचा. तो पाण्यात बुडवायचा नाही, पाण्याच्या वर वाफेत धरायचा. पाण्याचं तापमान भांडं आणि क्षार यांनी थोडं बदलतं, वाफेचं फक्त दाबावर ठरतं. फुगा भांड्याला टेकू द्यायचा नाही, पारा हलायचा थांबला की तीन वेळा वाचून सरासरी घ्यायची. शेगडी सरांनी पेटवायची आणि वाफेपासून हात लांब ठेवायचा.

आधी सांगलीत, निघायच्या दिवशी सकाळी हेच करून बघ. तुझा तापमापक अर्धा अंश चुकत असला तरी तो दोन्हीकडे तेवढाच चुकेल. दोन वाचनांतला फरक घे, त्याला ३०० ने गुण आणि सांगलीची उंची मिळव. उत्तर पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे आलं तर नाराज होऊ नकोस, अर्ध्या अंशात दीडशे मीटर असतात. जमलं तर एक वाचन बाजारात आणि एक विल्सन पॉइंटवर घे. तिथे वारा फार असतो, तेव्हा भिंतीचा किंवा गाडीचा आडोसा कर. प्रत्येक वाचनापुढे जागा, तारीख, वेळ आणि आकाश कसं होतं ते लिही, आणि तो कागद मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. पुढच्या एखाद्या अंकात तुझे आकडे छापू.